मी आधी की ते आधी

दोन हजार साल उजाडायच्या आधीची दोन-अडीच वर्षं मी आठवड्याचे पाच दिवस परदेशातल्या एका विमा कंपनीच्या तारखा दुरुस्त करत होते आणि रविवारी आमच्या घराण्याच्या. त्या कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले होते. शतक बदललं की शंभरीची म्हातारी मशीनला तान्ही वाटण्याचा धोका होता. पुण्यात तेव्हा जो तो कॉम्प्युटरचा कोर्स करत होता, आणि कोर्स संपला की बहुतेकांना दोनाचे चार आकडे करायला बसवत. मीही बसले. ऑफिस अजून शहरातच होतं, हिंजवडीला जायचं म्हणजे डबा घेऊन सहलीला जाण्यासारखं वाटायचं.

रविवारचं काम माझ्या गळ्यात वडिलांमुळे पडलं. आमच्या आडनावाचं एक मंडळ आहे. पुण्यात बऱ्याच आडनावांची अशी मंडळं असतात. वर्षातून एकदा मसालेभात, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि पुढचा अध्यक्ष कोण यावरून रुसवेफुगवे. या मंडळानं चाळीसेक वर्षांपूर्वी कुलवृत्तांत छापला होता, म्हणजे मूळ पुरुषापासून तेव्हाच्या पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांची वंशावळ आणि प्रत्येकाची चार-चार ओळी माहिती असलेलं जाडजूड पुस्तक. आता त्याची नवी आवृत्ती कॉम्प्युटरवर करायची होती. "आमची मुलगी कॉम्प्युटरमध्येच आहे," असं वडील सभेत म्हणाले आणि सुटले. मी अडकले.

घरोघरी छापील फॉर्म गेले आणि भरून परत आले. ते वाचताना माझ्या लक्षात आलं, की आमच्या घराण्यातला निम्मा पुरुषवर्ग एक जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वय बसवण्यासाठी टाकलेली ती तारीख. त्यावर माणसांनी नोकऱ्या केल्या, निवृत्त झाले आणि शेवटी स्वतःही त्या दिवशी पेढे वाटायला लागले. बायकांच्या जन्मतारखा बहुधा नव्हत्याच. एकीनं लिहिलं होतं, 'पानशेत फुटलं तेव्हा मी पाचवीत.' एकीनं, 'धाकट्या दिरापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण हे छापू नये.' मृत्यूच्या रकान्यात तर तारीख सापडायचीच नाही. तिथे तिथी असायची. माणूस कोणत्या साली गेला हे कुणाला सांगता यायचं नाही, पण श्राद्ध कोणत्या पक्षात, कोणत्या तिथीला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ.

मंडळाचे कार्यवाह सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही ते मला "अहो" म्हणत, आणि त्या 'अहो'त मान किती आणि टोमणा किती हे मला कधीच कळलं नाही. त्यांना कोरी जागा सहन होत नसे. "अहो, छापल्यावर बोळक्या तोंडासारखं दिसतं ते," असं म्हणून ते जिथे फक्त वर्ष माहीत आहे तिथे एक जानेवारी टाकून मोकळे व्हायचे. मी पाच दिवस दुसऱ्या कुणीतरी केलेला हाच आळस निस्तरत होते, त्यामुळे माझं डोकं फिरायचं. बरीच वादावादी होऊन आमच्यात तह झाला. नक्की माहीत नसेल तिथे तीनच शब्द वापरायचे: 'अंदाजे', 'पूर्वी' आणि 'नंतर'. माणूस कधी गेला ते ठाऊक नसेल, पण मुलाच्या मुंजीच्या पत्रिकेत त्याचं नाव 'कैलासवासी' म्हणून असेल, तर 'मुंजीपूर्वी' लिहायचं. त्यापेक्षा जास्त कळत नसेल तर गप्प बसायचं.

मग आत्याचा फॉर्म आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ खानदेशात एका गिरणीत कारकून होता, त्याची ती एकुलती एक मुलगी. बाळंतपणासाठी तिची आई पुण्याला, आजोबांच्या घरी आली होती, कारण तिला माहेरी कुणी बाई माणूस नव्हतं. तिकडे गिरणीच्या गावी भावाला विषमज्वर झाल्याचं कळलं, आजोबा धावत गेले, आणि "उतार पडलाय, काळजी नको" असं सांगत परत आले. पुढे आत्या जन्मली. दुसऱ्याच दिवशी दुपारी भाऊ गेल्याची तार आली. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकाला माहीत होती, तिच्या शेवटी काय म्हणायचं हेही प्रत्येकाला माहीत होतं. जन्मली आणि बापाला खाल्लं. पांढऱ्या पायाची.

आमच्याकडची माणसं सुशिक्षित होती, त्यामुळे हे ती तिच्या तोंडावर म्हणत नसत. ती खोलीबाहेर जायची वाट बघत. तिच्यासाठी दोनदा स्थळ आलं आणि दोन्ही वेळा त्यांना कुणीतरी आपुलकीनं सगळं सांगितलं. लग्नकार्यात तिच्याकडे कायम कोठीघर असायचं. नारळ, सुपाऱ्या, साखर यांचा हिशोब तिच्याइतका चोख कुणी ठेवत नाही, असं सगळे म्हणायचे. कोठीघरातून मांडव दिसत नाही, हे कुणी म्हणायचं नाही. तिनं शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर वारज्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. रिक्षावाले तेव्हा तिकडे यायला कुरकुर करायचे.

जुन्या कुलवृत्तांतात तिच्या वडिलांच्या नावापुढे एक ओळ छापलेली होती: 'कन्येच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी देहावसान.' पुस्तकाचं ते पान आत्यानं फॉर्मला टाचून पाठवलं होतं. त्या ओळीखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात मास्तरणीच्या अक्षरात एकच शब्द. 'पुरावा?'

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "मी जाईन तेव्हा जाईन, पुस्तक राहणार. पुढची पोरं तेच वाचणार. माझं एवढंच म्हणणं आहे, मी आधी की ते आधी, हे कुणी तपासलंय का? तपास. मी आधी असेन तर छाप पुन्हा तीच ओळ, माझी तक्रार नाही."

"आणि नाहीच सापडलं काही तर?"

"तर तुझ्या त्या कार्यवाहांच्या बोळक्या तोंडात एक कोरी जागा वाढेल."

कार्यवाहांना हे आवडलं नाही. "अहो, ती माहिती तुमच्या सख्ख्या आजोबांनी दिलेली आहे. त्यांच्या अक्षरातला फॉर्म आहे आपल्या दफ्तरी. आता त्यांच्यावरही तुमचा विश्वास नाही का?" दिवाळीनंतर मजकूर छापखान्यात जाणार होता. तोवर काही मिळालं तर ठीक, नाहीतर छापील ओळ जशीच्या तशी जाईल, असं त्यांनी मला बजावलं.

आत्याचा जन्म पक्का होता. तिच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, करून पाठवलेलं जन्मटिपण तिच्याकडे होतं. शक, महिना, तिथी, वार, घटका, सगळं. बापाच्या मृत्यूसाठी मात्र श्राद्धाच्या तिथीखेरीज काही नव्हतं. ती तार मी शोधली. घरातल्या ट्रंका उपसल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझा मलाच वैताग आला. तार सापडणार कशी? अशुभाची बातमी घरात ठेवत नाहीत. मयताचं कार्ड कोपरा फाडून यायचं, ते वाचायचं आणि दाराबाहेरच फाडून टाकायचं, तारेचंही तेच. त्यामुळे आमच्या ट्रंकांमध्ये मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिकांची चळत आहे, बारशाची पत्रं आहेत, मयताचा एक चिटोरा नाही. कागदपत्रांवरून कुणालाही वाटेल की आमच्या घराण्यात अजून कुणी मेलेलंच नाही.

गिरणीच्या गावी पत्र टाकलं. त्या वर्षांची नोंदवही शिल्लक नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. मग वडिलांना सहज विचारलं, की त्या भावाच्या अस्थींचं काय केलं होतं? ते म्हणाले, "नाशिकला. आमच्याकडे सगळ्यांच्या नाशिकलाच जातात." आणि मला स्वतःच्या अकलेची कीव आली. नाशिकला घराण्याचे तीर्थोपाध्ये असतात. अस्थी घेऊन जो जातो त्याच्याकडून ते आपल्या वहीत नोंद करून घेतात. कोण, कुठला, कुणाचा मुलगा, कशासाठी आला, कोणत्या तिथीला. खाली त्याची सही. मंडळानं पहिल्या आवृत्तीच्या वेळी त्या वह्यांवरूनच वंशावळ उतरवून घेतली होती. नावं घेतली आणि तारखा तिथेच ठेवून आले.

एका शनिवारी मी नाशिकला गेले. तीर्थोपाध्ये माझ्याच वयाचे निघाले. त्यांनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि आतून लाल कापडात बांधलेली एक लांबट वही आणली. "बायका सहसा येत नाहीत हे बघायला," असं म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. पानं उलटता उलटता त्यांनी एका जागी बोट ठेवलं. अक्षर मी वाचायच्या आधी ओळखलं. मला मुळाक्षरं आजोबांनी गिरवायला दिली होती, त्यांचा 'ळ' मी आजही तसाच काढते. नोंद अशी होती, की कनिष्ठ बंधूंच्या अस्थिविसर्जनार्थ आलो. खाली शक, तिथी, वार आणि त्यांची सही.

मी ते उतरवून घेतलं आणि परतीच्या एसटीत आत्याच्या टिपणाशेजारी धरलं. शक एकच होता, महिना एकच. पक्ष एकच. नाशिकची तिथी आधीची होती.

माणसाला अशा वेळी आनंद व्हायला हवा. मला पहिल्यांदा शंका आली, ती कामाची सवय. तिथी चुकीची पडली असेल, शक चुकला असेल, आजोबांनी मागाहून नोंद केली असेल. तिथीवरून इंग्रजी तारीख काढणारा एक छोटा प्रोग्रॅम मी एव्हाना लिहिला होता, त्यात दोन्ही घातल्या. मग ग्रंथालयात जाऊन त्या सालचं पंचांग काढलं आणि हातानं पुन्हा पडताळलं. त्या वर्षी अधिक महिना नव्हता. दोन्हीकडे तिथी आणि वार एकमेकांशी जुळत होते, आणि तिथी-वार दोन्ही जुळले की शक सहसा खोटं बोलत नाही. आजोबा भावाच्या अस्थी घेऊन नाशिकला उभे होते, त्यानंतर नऊ दिवसांनी आत्या जन्मली होती. म्हणजे तार आली तेव्हा तो माणूस जाऊन निदान दहा दिवस झाले होते, आणि आजोबांनी त्याला स्वतः अग्नी दिला होता.

तार आलीच नव्हती. अशुभाचा कागद घरात ठेवत नाहीत, म्हणून तो पाहायला कुणी मागितलाही नाही.

आजोबांनी असं का केलं असेल हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. घरात भावाची बायको पूर्ण दिवसांची. तिला हे कळलं असतं तर बाळ-बाळंतीण दोघींच्या जिवावर बेतलं असतं, असं त्यांना वाटलं असणार. घरात शिरताना त्यांनी तोंड हसरं ठेवलं, नऊ दिवस ठेवलं, आणि ती मोकळी झाल्यावर तारेची कथा रचली. पुढे दहावं-बारावं त्या तारेपासून मोजून केलं. दरवर्षी श्राद्ध खोट्या तिथीला केलं, ते आजोबा, ज्यांना सोवळ्याची जरा चूक खपायची नाही. इथवर मला त्यांच्याबद्दल नुसती माया वाटली. पण पुढची चाळीस-पन्नास वर्षं ते त्याच घरात बसून लोकांना पोरीबद्दल 'बापाला खाल्लं' म्हणताना ऐकत होते. कुलवृत्तांताचा फॉर्म आला तेव्हा ती ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं भरून दिली. याचा मला राग आला, आणि इतक्या वर्षांनंतरही तो पुरता गेलेला नाही.

पुढच्या रविवारी मी वारज्याला गेले. आत्यानं चहा केला, चष्मा लावला आणि दोन्ही कागद पोरांची उत्तरपत्रिका तपासावी तसे तपासले. तिथींची वजाबाकी स्वतः केली. पंचांगाची झेरॉक्स मागितली.

"अधिक महिना?"

"नव्हता. पाहिलं."

"सही त्यांचीच?"

"त्यांचीच."

तिनं कागद खाली ठेवले. "डोकं भादरून आले होते म्हणे नाशिकहून. आई सांगायची. भावाला उतार पडला म्हणून वाटेत तीर्थावर क्षौर केलं म्हणाले, कुणाला काही वाटलं नाही." मग म्हणाली, "कुणी माझ्याबद्दल काही बोललं ना, की काका उठून बाहेर जायचे. चप्पल घालून सरळ बाहेर. मला वाटायचं, माझं तोंड बघवत नाही त्यांना."

मी कामाचं बोलले. नव्या आवृत्तीत 'कन्येच्या जन्मापूर्वी देहावसान' असं लिहिणार आहे, म्हटलं. खाली तळटीप देऊन नाशिकची नोंद द्यायची, आणि आधीची ओळ कशी चुकली हेही सांगून टाकायचं. कार्यवाहांनी आडवं लावलं तरी मी बघून घेईन.

"'पूर्वी' एवढं लिही," ती म्हणाली. "तळटीप नको."

"का नको? सगळ्यांना कळू दे की, आत्या. तुला इतकी वर्षं..."

"ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे गेले. आता नव्या पोरांना काकांची चूक दाखवून काय करायचंय? एकाला सोडवायचं म्हणून दुसऱ्याला कोठीघरात बसवायचं का?"

मी ऐकलं, पण मनापासून नाही. पुस्तकात पुढे तिच्या म्हणण्याप्रमाणे तेवढी एकच ओळ बदलून छापली गेली. कार्यवाहांनी नोंद दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, "बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि 'अहो' म्हणायचं विसरले.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी निघायला उठले तेव्हा आत्या कप विसळत होती, माझ्याकडे पाठ करून. "आईला वाचवायला ते खोटं बोलले," ती म्हणाली. "तिच्यासाठीच ना?"

"हो. तुम्हां दोघींसाठी."

"आईनं मला कधी जवळ घेतलं नाही. वेणी घालायची, डबा द्यायची, ताप आला तर रात्ररात्र उशाशी बसायची. पण जवळ नाही. तिचं शेवटचं दुखणं मीच काढलं, तेव्हा एकदा विचारलंच. म्हणाली, मी काय करू गं, तुझ्याकडे पाहिलं की ती तारच दिसते मला."

तिनं नळ बंद केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिच्या नव्हतं.

"मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तिला सांगायला हवं होतं."